डेड स्टॉक? जरा थांबा!

‘डेड स्टॉक’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी कसं आहे ते तुम्ही जाणताच. पण हा शब्द इंग्रजीत असूनही मला कळला नव्हता. लॅबमधल्या काकांनी समजावलं, “अगं, मेलेला माल नाही तो. रजिस्टरवर नंबर पडलेली वस्तू. नंबर आहे तोवर ती सरकारदरबारी जिवंतच.” मग ‘निर्लेखन’ होतं, म्हणजे ती रजिस्टरमधून खोडली जाते आणि भंगारात निघते. मागच्या सेमिस्टरला असे १८ कॉम्प्युटर जिन्याखालच्या खोलीत येऊन पडले. प्रिन्सिपल सरांची रीतसर परवानगी घेऊन आम्ही चौघींनी ते उघडून बघितले. त्यातून जे शिकायला मिळालं ते या लेखात मांडते आहे.

आधी ‘जुना’ म्हणजे किती जुना, हे ठरवायला हवं. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पिवळा पडलेला पेन्टियम फोर आणि पोट सुटलेला मॉनिटर. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट बंद झाला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही चिप लागते. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, ८ जीबी रॅमचा, ठणठणीत आय-फाइव्हसुद्धा एका तारखेनंतर ‘जुना’ झाला! तो बिघडला नाही, हळू झाला नाही, फक्त कंपनीच्या यादीतून वगळला गेला. आमच्या १८ मध्ये निम्म्याहून जास्त असेच होते.

तुलनेसाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावर जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जगभर गाजलेल्या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली तिथे सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये काय होतं? ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण. एवढ्यावर मुलं लिहीत होती, चित्रं काढत होती, फोटो घेत होती. आपण टाकून देतो त्या २ जीबीच्या मशीनमध्ये त्याच्या आठपट रॅम असते. फरक इतकाच की एक्सओचं सॉफ्टवेअर त्या रॅमला बेतून शिवलं होतं. ‘शुगर’ नावाचं ते वातावरण आजही मोफत आहे आणि साध्या पीसीवर चालतं.

दुसरं उदाहरण शेजारच्या गोव्याचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या हौशी मंडळींनी आणि परदेशातल्या गोंयकारांनी मिळून शाळांसाठी कॉम्प्युटरचा प्रकल्प चालवला. परदेशात वापरून झालेले शेकडो कॉम्प्युटर बोटीने आणले आणि त्यांवर लिनक्स टाकून शाळांना दिले. लिनक्स का? लायसन्सचे पैसे नाहीत म्हणून, हे उघड आहे. पण जुन्या हार्डवेअरवर ते निमूट चालतं हेही तितकंच खरं. तेव्हा लिनक्स बसवणं म्हणजे दिव्य होतं म्हणतात. आज पेन ड्राइव्ह लावा, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. आपण किनाऱ्यावर राहतो हे विसरून चालणार नाही. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही जा, खारी हवा पत्र्यालाही सोडत नाही आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांनाही. ‘कॉम्प्युटर मेला’ म्हणून आलेल्या १८ पैकी ७ मशीन फक्त साफसफाईने उठले. रॅम काढायची, तिच्या पट्ट्यांवर शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, ब्रशने चुरा झटकायचा, पुन्हा घट्ट बसवायची. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, बदलायचा. तो उतरला की घड्याळ मागे जातं आणि सुरू होतानाच मशीन रुसतं. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. आणि बोर्डावरचे कॅपॅसिटर नीट बघायचे. २००० ते २००७ च्या सुमारास बनलेल्या कितीतरी बोर्डांवर खराब प्रतीचे कॅपॅसिटर बसले होते. त्यांचं डोकं फुगलेलं दिसलं की समजायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलींना ते बदलता येतात, पण धातूच्या थरांमधली भोकं अरुंद असतात, हात बसलेला असावा लागतो. आणखी ४ मशीन आम्ही एकाचं काढून दुसऱ्याला लावून उभे केले. उरलेल्या ७ विषयी पुढे सांगते.

एक सूचना कळकळीची. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. २३० व्होल्ट हा आरएमएस आकडा आहे, त्याला १.४१४ ने गुणा, म्हणजे शिखर ३२५ व्होल्ट. आतला मोठा कॅपॅसिटर जवळपास तेवढ्यावर भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहू शकतो. व्हायव्हाला विचारतात ते सूत्र इथे हाताला कळतं, आणि तसं कळू नये अशी इच्छा आहे.

कोणत्या मशीनला कोणतं काम द्यायचं, यावर आमच्यात बरेच वाद झाले. माझं मत असं की आधी विजेचं बिल बघावं. पेन्टियम फोर आणि जुना मॉनिटर मिळून दीडशे वॅटच्या आसपास खातात. चोवीस तास ठेवलं तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. म्हणजे ‘फुकटचा सर्व्हर’ म्हणून जुना डेस्कटॉप कायम चालू ठेवणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. तेच काम २० वॅटचा जुना लॅपटॉप महिना साडेचौदा युनिटात करतो. शिवाय लॅपटॉपची थकलेली बॅटरीही, पूर्ण मेलेली नसेल तर, काही मिनिटं तग धरते, म्हणजे यूपीएस त्याच्या पोटातच आहे!

म्हणून लेडीज होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये जो ठेवलाय तो लॅपटॉप आहे, झाकण मोडलेला. त्यावर ‘किविक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि इंटरनेट नसताना वाचता येतो. लॅपटॉप राउटरला जोडलेला आहे. आपल्या फोनच्या ब्राउझरमध्ये भिंतीवर लिहिलेला पत्ता टाकला की पान उघडतं. रिचार्ज संपला असला तरी चालतं. तुम्ही म्हणाल, आज नेट नाही असं होतं कधी? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरुडकडच्या मैत्रिणी सांगतात की खांब पडले, टॉवर गेले, काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. तशा वेळी इन्व्हर्टरवर दोन तास चालणारी लायब्ररीसुद्धा लायब्ररीच.

बरं, पेन्टियम फोर मग फेकायचा का? अजिबात नाही. त्याच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी तुमच्या नव्या लॅपटॉपकडे नाही. मागच्या बाजूला २५ भोकांचं गुलाबी सॉकेट दिसतं ना, प्रिंटरचं? तो पॅरलल पोर्ट. त्याच्या २ ते ९ क्रमांकाच्या पिना म्हणजे डेटाच्या आठ तारा, आणि १८ ते २५ ग्राउंड. पत्ता बहुधा हेक्स ३७८. त्या पत्त्यावर ५ लिहिलं की पहिली आणि तिसरी तार वर जाते, कारण बायनरीत ५ म्हणजे १०१. प्रत्येक तारेला ४७० ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी लावा. बायनरी संख्या डोळ्यांनी दिसतात. मायक्रोप्रोसेसरचं अख्खं युनिट मला पुस्तकातून जितकं समजलं नव्हतं तितकं त्या आठ दिव्यांनी समजलं. रिले थेट लावू नका, पोर्टाला जेमतेम काही मिलिअँपियर झेपतात. मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड हवाच. त्याच्या शेजारचा नऊ पिनांचा सीरियल पोर्टही मोलाचा. लॅबमधली कितीतरी जुनी मोजमापयंत्रं फक्त त्याच भाषेत बोलतात. आपल्या मेकॅनिकलच्या लॅबमधलं एक यंत्र असंच गप्प पडलं होतं, त्याला यातला एक कॉम्प्युटर मिळालाय.

एक मात्र आहे. पेन्टियम फोर बहुतेक ३२ बिटी, आणि ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ ने अशा मशीनवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. डेबियन १२ अजून चालतं. पण त्यावर नेट सर्फिंगचा हट्ट धरू नका, आजची वेबसाइटच त्याला चिरडून टाकते. त्याला एकच काम द्या, ते तो इमानाने करेल.

शाळांना द्यायचं म्हणाल, तर इथे मला थोडं कडू बोलायचंय. जवळच्या एका शाळेत आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी दान केलेले तीन कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली दिसले. एकातही पासवर्ड माहीत नव्हता, एकाची वायर नव्हती. देणाऱ्याचा फोटो मात्र भिंतीवर होता. आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या वर्गात सरकवणं म्हणजे दान नव्हे. द्यायचाच असेल तर मराठी इंटरफेस, मराठी कीबोर्ड चालू करून, दोन जादा माउस बरोबर देऊन, आणि महिन्यातून एकदा जायची तयारी असेल तरच. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच असते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मुलं चार दिवसांत शिकली. मला तीन आठवडे लागले, हा लेख त्यावरच टाइप केलाय.

त्या शाळेत आता दोन मशीन आहेत आणि मुलांनी लिहिलेला पहिला प्रोग्राम भरतीचा आहे. कोळीवाड्यातल्या मुलांना हिशोब घरूनच ठाऊक होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पायथॉनमध्ये पाच ओळी. मग एकाने विचारलं, पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते, पण भरती बाराच्या सुमारास का? उत्तर असं की भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते, आपण तोंडी हिशोबासाठी ४५ धरतो. तीन मिनिटं गुणिले १५, बरोबर पाऊण तास. मुलांनी ०.७५ च्या जागी ०.८ घातलं आणि आजोबांना दाखवायला घरी नेलं.

स्टाफसाठीही एक मुद्दा. ऑफिसचा कॉम्प्युटर बाहेर देताना ‘फॉरमॅट केलाय’ एवढ्यावर विसंबू नका. नेहमीचं क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं आत तशीच असतात. आमच्या खोलीतल्या एका डिस्कवर जुन्या बॅचचे मार्क आणि पत्ते अजून होते. हार्ड डिस्क पूर्ण एकदा शून्यांनी भरून काढली की काम होतं. लिनक्सवर एका आज्ञेत, रात्रभरात.

उरलेल्या ७ मशीनचे बोर्ड गेलेले होते. त्यांचे पंखे, वायरी, स्क्रूसुद्धा डब्यात भरून ठेवलेत. तीन पॉवर सप्लाय प्रोजेक्टवाल्यांना दिले: हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो आणि ३.३, ५ व १२ व्होल्ट मिळतात. खरोखर मेलेले बोर्ड आणि मॉनिटर भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवेत. त्याचं पत्र स्टोअरमध्ये दिलंय.

दर शनिवारी दुपारी दोननंतर जिन्याखालची खोली उघडी असते, चावी लॅबमधल्या काकांकडे. कुठल्याही ब्रँचच्या मुलामुलींनी यावं. येताना खोडरबर आणा, आमची संपलीत.