एकटीनं ओढायचं नसतं गं

अगं, महिला मंडळाची सेक्रेटरी झालीस आणि पहिल्याच महिन्यात लिहितेस, 'ताई, माझी चिडचिड होते, माझ्यात सेवेची वृत्तीच नाही बहुतेक.' मला हसूच आलं बघ. कापणीचा सण तोंडावर, त्यात प्रभुभोजनाची तयारी, संडे स्कूलचा वर्ग, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी. माणूस चिडणार नाही तर काय? आधी जरा बस, चहा घे. तो गरम असतानाच पी.

खरं सांगू का, आपल्या मंडळ्यांत एक गोष्ट वर्षानुवर्षं मुकाट चालत आलीय. नम्रतेवर संदेश व्यासपीठावरून द्यायचा आणि ती अंगी बाणवायची मोरीपाशी उभ्या असलेल्या बायकांनी. पंच कमिटी चहा पीत ठराव करते, आणि कपबश्या आपोआप धुतल्या जातात अशी तिची समजूत असते. तेव्हा 'सेवा आहे गं' म्हणत कुणी एखादं काम तुझ्याकडे सरकवलं, की सरकवणारा स्वतः काय उचलतोय तेवढं बघून घेत जा.

आज रात्री योहानाचा तेरावा अध्याय काढ. पाठ आहे म्हणशील, तरी काढ. येशू जेवणावरून उठतो, अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओततो. पुढे तोच सांगतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. म्हणजे पाय धुताना आपण कोण हे तो विसरला नव्हता बघ. 'मी काय बाई, मी कुठली' असं म्हणत मान खाली घालणं त्यात कुठेच नाही. आणि पेत्र आठव. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस, म्हणाला. आपल्याला वाटतं, किती नम्र! पण त्याला स्पष्ट ऐकावं लागलं, की मग तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. आपण बायका अगदी पेत्राच्या घराण्यातल्या. दुसऱ्यासाठी रात्रभर करंज्या तळू, पण कुणी 'द्या ती पातेली, मी घासते' म्हणालं की 'राहू दे, राहू दे' करत पदर खोचतो. घासू दे की गं तिला!

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर घरचंच आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी मान तुकवली नाही. आपल्या सदसद्विवेकाचं ऐकायचा हक्क मी सोडणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी वाँटेजच्या सिस्टरना कळवलं. आता गंमत बघ. याच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या उपाशी, आजारी मुली घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. बिशपाला नाही म्हणणारी बाई आणि उवा झालेल्या पोरींना जवळ घेणारी बाई एकच. मला तर वाटतं, पहिलं जमलं म्हणूनच दुसरं जमलं. तेव्हा पाळकसाहेबांना 'या रविवारी मला नाही जमणार' एवढं सांगितल्यानं तुझी सेवा आटत नाही. फक्त शनिवारी रात्री अकराला सांगू नकोस, बुधवारी सांग.

आणि काम वाटून दे. प्रेषितांनीही तेच केलं. विधवांच्या रोजच्या वाटपात काहींकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तेव्हा सगळं आपणच करू असं ते म्हणाले नाहीत. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं. मी मात्र एकदा प्रभुभोजनाची सगळी तयारी एकटीनं करायला गेले होते, आणि पाळकांनी ताटावरचं झाकण उचललं तेव्हा भाकर कापायचीच राहिली होती, अख्खीच होती!

कापणीच्या सणाचा लिलाव तरुण संघाकडे दे. त्यांचे आवाज मोठे आहेत आणि एका नारळाची बोली चढवायला त्यांना जाम मजा येते. पण प्रभुभोजनाचे छोटे पेले मात्र कधीतरी तूच धू. उपासना संपल्यावर लगेच, नाहीतर तळाशी द्राक्षरसाचं लाल कडं वाळून बसतं आणि बोट आत जात नाही. कोमट पाण्यात घालायचे, सुती फडक्याचं टोक पिळून आत फिरवायचं, उपडे ठेवायचे. तिथे कुणी बघायला नसतं, आभाराच्या ठरावात नाव येत नाही, आणि मला विचारशील तर मंडळीतलं ते सगळ्यात निवांत काम आहे.

एक राहिलंच. तुझ्याआधी जिनं इतकी वर्षं हे पद सांभाळलं ती मावशी फुगून बसलीय ना? तिच्याकडे मदत मागू नकोस, ती 'आता तुम्हीच बघा' म्हणेल. 'मावशी, सजावटीला ऊस कसा उभा करायचा ते दाखवाल का?' असं विचार, आणि दाखवेल तसाच उभा कर, वाकडा दिसला तरी. आजच फोन कर. पण आठनंतर नको, तिची मालिका असते.