साधा मजकूर आणि त्याचीं साधनें

यंत्र कितीही उत्तम असो, तें चालविण्याची रीत सांगणारी पुस्तिका वाचतां आली नाहीं, तर तें व्यर्थ होय. संगणकाच्या आज्ञावलींचेंही असेंच आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७१ सालीं ‘युनिक्स’ प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका सिद्ध झाली. पुढें तेथीलच जो ओसाना यांनीं असा मजकूर जुळविण्यासाठीं दोन साधनें रचिलीं. ‘एनरॉफ’ हें टंकयंत्रासारख्या साध्या अक्षरांसाठीं, तर ‘ट्रॉफ’ हें सुबक छपाईसाठीं. मूळ लेख मात्र एकच पुरे.

यांतील मर्म काय? पुस्तिकेचा लेखक ‘हीं अक्षरें मोठीं छापा’ असें सांगत नाहीं. टिंबानें आरंभ होणाऱ्या ओळींत ‘हें शीर्षक’, ‘हा परिच्छेद’ अशी खूण तो करतो. रूप कोणतें द्यावें, तें साधन ठरवितें. जॉन मॅकफार्लेन यांचें २००६ सालचें ‘पॅनडॉक’ही एकाच लेखापासून छापील पान व साधा मजकूर, दोन्ही करून देतें.

परंतु साधन अर्थ निर्माण करीत नाहीं. ‘तांबड्या अक्षरांतील सूचना पाळा’ असें लिहिल्यास साध्या मजकुरांत तांबडा रंग उरत नाहीं. मग पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचवून ऐकणाऱ्या अंध बंधूनें कोणती सूचना पाळावी? तेथें ‘सावधान’ हा एक शब्द लिहिला असतां कोणाचेंही अडत नाहीं.

म्हणून बालमित्रहो, निबंध लिहा कीं पुस्तिका, अर्थ शब्दांतच ठेवा. शोभा मागाहून येऊं द्या.