कौसल्येच्या दारी आलेल्या दोन बातम्या



जून-जुलै म्हणजे निकालांचा हंगाम. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि घरातल्या मोठ्यांचे फोन सुरू होतात. "आमच्या चिरंजीवांचं झालं बरं का, कॅम्पसमधूनच घेतलं!" "हिला बंगलोरला मिळालंय, ऑगस्टमध्ये जॉइनिंग." फॅमिली ग्रुपवर फोटो येतो, त्याखाली अभिनंदनाची रांग लागते, मग कुणीतरी काका विचारतातच, "पॅकेज किती?" त्याच ग्रुपवर एक भाचा किंवा पुतणी असते, जिचं अजून कुठेच झालेलं नाही. तीही "अभिनंदन" लिहिते आणि फोन पालथा ठेवते.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण यंदा फोटोत आहेत, किंवा फोन पालथा ठेवणाऱ्यांत आहेत. आजचं चिंतन दोघांसाठीही आहे, आणि तुमच्या आईबाबांसाठीसुद्धा.

आजचं वाचन: वाल्मीकि रामायण, अयोध्याकांड, सर्ग ३, ४, २०, २५ आणि २६ (क्रमांक प्रचलित प्रतींप्रमाणे).

रामाच्या वनवासाची गोष्ट आपल्याला पाठ असते. पण या सर्गांमध्ये एक छोटी गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. राम आपल्या आईकडे लागोपाठ दोनदा जातो. दोन्ही वेळा तो स्वतःबद्दलची बातमी सांगायला जातो. मधे फक्त एक रात्र आहे.

पहिली बातमी

दशरथ भरसभेत रामाला सांगतो की तुला युवराज करायचं ठरलंय. राम घरी पोचायच्या आत त्याचे मित्र धावत कौसल्येकडे जातात आणि बातमी सांगून मोकळे होतात. कौसल्या काय करते? सोनं, गाई, रत्नं त्या सांगणाऱ्यांना देऊन टाकते. आपल्याकडे पेढे वाटतात तेच हे, फक्त राजघराण्याच्या मापानं.

वाल्मीकी या आनंदाला नावं ठेवत नाहीत, हे आधी बघून ठेवू. मुलाचं चांगलं झालं की आईला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार वर्षं फी भरलेली असते, पहाटे उठून डबे केलेले असतात, कुठे शैक्षणिक कर्ज असतं आणि शिक्षण संपल्यावर त्याचे हप्ते सुरू व्हायचे असतात. त्या सगळ्याला एकदाचा अर्थ मिळाल्यासारखं वाटतं. तेव्हा आईनं ग्रुपवर फोटो टाकला म्हणून लगेच "आई, काय हे!" म्हणून तिच्यावर चिडू नका.

नंतर राम आईकडे जातो तेव्हा ती देवघरात आहे. रेशमी वस्त्र नेसून, मौन धरून, डोळे मिटून जनार्दनाचं ध्यान करते आहे. सुमित्रा, लक्ष्मण आणि सीता तिथेच आहेत. बातमी आधीच कळलेली असली तरी राम ती पुन्हा स्वतःच्या तोंडानं सांगतो: बाबांनी प्रजेच्या रक्षणाचं काम माझ्यावर सोपवलंय, उद्या अभिषेक आहे. आईच्या डोळ्यांत पाणी येतं, ती आशीर्वाद देते.

मग राम हसून लक्ष्मणाकडे वळतो आणि म्हणतो, ही पृथ्वी तू माझ्याबरोबर सांभाळ, हे वैभव तुझंही आहे, हे सगळं मला तुझ्यासाठीच हवंय. ज्याला काही मिळालेलं नाही अशा भावाला राम पहिल्याच मिनिटात आपल्या आनंदात बसायला जागा देतो.

मधली रात्र

सभेत जाहीर केल्यावर दशरथ रामाला पुन्हा बोलावून घेतो. मला वाईट स्वप्नं पडताहेत, माझं मन बदलायच्या आत अभिषेक होऊ दे, उद्याच होऊ दे, असं तो सांगतो. म्हातारा बाप घाबरलेला आहे. आपल्या डोळ्यांदेखत मुलाचं नीट लागावं, एवढंच त्याला हवंय. जाहीर करण्याच्या घाईमागे पुष्कळदा अशी भीतीच असते. बाबा तुमचा बायोडाटा सोसायटीतल्या तीन जणांना न विचारता पाठवतात, तेव्हा त्यांच्या आतला दशरथ ओळखता आला तर राग थोडा कमी होतो.

नगर सजलं, दिवे लागले, आणि सकाळी सगळं फिरलं. आजच्या मुलांना हे नवीन नाही. ऑफर लेटर हातात पडणं आणि प्रत्यक्ष रुजू होणं यांच्यात महिने जाऊ शकतात. जॉइनिंगची तारीख पुढे ढकलली जाते, कधी ऑफरच मागे घेतली जाते. आणि अनेक कॉलेजांत एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही, त्यामुळे ती गेली की मुलगा दोन्हीकडून अडकतो. ग्रुपवर जाहीर झालेला "पॅकेज"चा आकडाही तसाच. त्यात कंपनीनं भरायचा भविष्य निर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग असतो. दरमहा खात्यात पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. पण नातेवाइकांच्या डोक्यात तो मोठा आकडा बसलेला असतो, आणि मुलाला पुढची दोन वर्षं त्याच्याशी जुळवून घेत राहावं लागतं.

दुसरी बातमी

कैकेयीकडून वनवासाचं कळल्यावर राम पुन्हा आईच्या दारी येतो. कौसल्या कुठे आहे? पुन्हा देवापुढेच. रात्रभर व्रत करून सकाळी विष्णुपूजा केली आहे आणि आता अग्नीत आहुती देववते आहे. शेजारी काय काय मांडलंय ते वाल्मीकींनी यादीच दिल्यासारखं सांगितलं आहे: दही, अक्षता, तूप, मोदक, लाह्या, पांढऱ्या फुलांच्या माळा, समिधा, भरलेले कलश. अभिषेकाच्या सकाळची तयारी ती. मुलाला बघून ती उठते, जवळ घेते, बसायला आसन देते, खायला ये म्हणते. तिला अजून काहीच माहीत नाही.

इथे क्षणभर थांबा. ज्यानं आईला अजून सांगितलेलं नाही की फायनल राउंडमध्ये आपलं नाव आलं नाही, आणि आई म्हणतेय, "बस, शिरा केलाय", त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

राम त्या आसनाला नुसता हात लावतो, बसत नाही. सांगतो की आई, तुला ठाऊक नाही, मोठं संकट आलंय. मला चौदा वर्षं दंडकारण्यात जायचंय, यौवराज्य भरताला मिळालंय, आता मला दर्भाचं आसन लागणार. तो आडवळणानं बोलत नाही. सुमंत्राला पुढे पाठवत नाही. मोदक खाऊन झाल्यावर सांगू, असंही करत नाही.

कौसल्या कोसळते. राम तिला उठवतो आणि तिच्या अंगाला लागलेली धूळ आपल्या हातानं पुसतो. पुढचे काही सर्ग ती रडते, रागावते, जाऊ देणार नाही म्हणते, वासरामागे गाय जाते तशी मी तुझ्यामागे येईन म्हणते. कौसल्येनं लगेच समजूतदार व्हावं, अशी वाल्मीकींची अपेक्षाच नाही. आईला धक्का पचवायला वेळ लागतो आणि राम तो वेळ तिला देतो.

कैकेयीसमोर रामाचा चेहरा जराही बदलला नव्हता, हे आपण कीर्तनांत ऐकतो. पण २६व्या सर्गात तो सीतेकडे जातो तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला आहे, अंगाला घाम आहे आणि सीता विचारते, हे काय झालं? जगापुढे सावरलेला माणूस आपल्या माणसापुढे आल्यावर विरघळतो. तेव्हा रिजेक्शनचा मेल वाचून रडू आलं म्हणजे आपली भक्ती कच्ची, असं कुणी समजू नये.

मंगलाची पूजा

आता २५वा सर्ग. डोळे पुसून, आचमन करून कौसल्या मुलासाठी मंगलकार्य करते. अभिषेकाचं नाही, वनवासाचं. तू जो धर्म पाळतो आहेस तोच तुला सांभाळो, असं म्हणते. ऋषी, पर्वत, झाडं, दिशा सगळ्यांना हाक मारते. मग तिचं लक्ष अगदी बारीक गोष्टींवर जातं. रानात माकडं, विंचू, गांधीलमाश्या, डास, सरपटणारे प्राणी यांचा तुला त्रास न होवो, असं मागते. ज्या मुलाच्या हाती राज्य येणार होतं, त्याची आई देवाकडे म्हणते की याला डास चावू नयेत. शेवटी त्याच्या अंगावर एक औषधी वनस्पती रक्षा म्हणून बांधते, मस्तक हुंगते आणि जा म्हणते.

पहिल्या बातमीला कौसल्येनं सोनं वाटलं. दुसऱ्या बातमीला वाटण्यासारखं काही नव्हतं, लोकांना सांगण्यासारखंही नव्हतं. तिच्यापाशी उरला तो आशीर्वाद, आणि तो तिनं पहिल्यापेक्षा जास्त सविस्तर दिला. दोन्ही बातम्या आल्या तेव्हा ती देवापुढेच होती, म्हणून तिला ते जमलं असावं, असं मला वाटतं. तिचं देवघर बातमीवर अवलंबून नव्हतं.

आपल्या घराची खरी परीक्षा इथे आहे. मुलाचं झालं त्या दिवशी कुठलंही घर आनंदी असतं. झालं नाही त्या संध्याकाळी मुलगा घरात शिरताना त्याला चप्पल काढायला जड जातं की नाही, यावरून घर कळतं.

आपल्यासाठी तीन गोष्टी

१. *बातमी ज्याची, त्याला आधी विचारावं.* आईबाबांनो, कौसल्येला बातमी मित्रांकडून कळली, तरी रामाला ती स्वतः सांगायची संधी मिळाली. फोटो टाकण्याआधी एवढंच विचारा: "सांगू का सगळ्यांना?" मुलगी म्हणाली, "जॉइन होऊ दे, मग सांग," तर तेवढं थांबा. आणि आकडा सांगू नका. "नोकरी लागली, देवाची कृपा," एवढ्यात सगळं येतं.

२. *ज्याचं झालंय, त्यानं लक्ष्मणाकडे बघावं.* सोबतच्या मित्राचं अजून झालेलं नसेल तर त्याला वेगळा फोन करा. तुमच्या कंपनीत ओळखीतून नाव सुचवायची सोय असेल तर त्याचा बायोडाटा घ्या. टेस्टला काय विचारलं ते सांगा. आपल्या आनंदात त्याला जागा करून देणं म्हणजे एवढंच.

३. *ज्याचं नाही झालं, त्यानं घरी जाऊन सांगावं.* "प्रोसेस चालू आहे" हे तीन महिने सांगत राहू नका. आणि सांगताना नीट समजावून सांगा. आपल्या आईबाबांच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव असायचं, टपालानं कॉल लेटर यायचं, एक मुलाखत व्हायची, मग हो किंवा नाही. म्हणून ते विचारतात, "झालं का?" त्यांच्या जगात त्याचं एका शब्दात उत्तर होतं. ॲप्टिट्यूड टेस्ट, ग्रुप डिस्कशन, टेक्निकल, एचआर अशा पायऱ्या असतात, एका केटीमुळे कुठे कुठे अर्जच करता येत नाही, कॅम्पस संपल्यावर ऑफ-कॅम्पसला वेगळी मेहनत लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एका रविवारी चहाबरोबर सांगा. ते आधी घाबरतील, कदाचित चिडतीलही. रामानं धूळ पुसली, तेवढा धीर आपण धरू.

आजचा अभ्यास

आज कुणालाही "लागली का नोकरी?" विचारू नका. त्याऐवजी "जेवलास का?" विचारा. आणि ज्याचं अजून व्हायचं आहे अशा एका मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव घेऊन संध्याकाळी दिव्यापुढे प्रार्थना करा, कौसल्येसारखी, बारीकसारीक: त्याला वेळेवर लोकल मिळो, मुलाखतीत घसा कोरडा न पडो, घरी परतल्यावर कुणी टोचून न बोलो.

प्रार्थना

हे रामा, आमच्या घरी येणारी प्रत्येक बातमी आधी तुझ्यापाशी येऊ दे. चांगली असेल तर ती वाटून घ्यायचं मन दे, वाईट असेल तर ती सांगायचा धीर दे. आणि ज्या आईबाबांना आज लोकांना सांगण्यासारखं काही नाही, त्यांच्या तोंडी कौसल्येचा आशीर्वाद दे.

जय श्रीराम. उद्या पुन्हा भेटू.