परिप्रश्न आणि श्रद्धा : ज्ञानेश्वरीतील अर्जुनाच्या प्रश्नांचे स्वरूप

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे साधन म्हणून प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीने 'परिप्रश्ना'चा निर्देश येतो. त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात संशयग्रस्त माणसाचा नाश होतो, असेही बजावले आहे. प्रश्न हे साधन आणि संशय घातक, तर या दोहोंमधील सीमारेषा कोणती? शके 1212 (इ. स. 1290) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या समस्येची उकल अर्जुनाच्या व्यक्तिरेखेतून होते.

पहिल्या अध्यायातील अर्जुनाच्या बोलण्याला जागोजागी प्रश्नाचे रूप आहे. परंतु त्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. कुलक्षयाचे दोष सांगून तो शस्त्र खाली ठेवतो. येथे श्रीकृष्णाकडून उपदेश होत नाही. दुसऱ्या अध्यायात अर्जुन शिष्यत्व पत्करतो आणि मगच उपदेशाला प्रारंभ होतो. तथापि, शिष्यत्वाने प्रश्न संपत नाहीत. ते खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होतात.

तिसऱ्या अध्यायाचा आरंभ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. बुद्धी श्रेष्ठ असेल, तर घोर कर्माची आज्ञा कशासाठी, हा मुळातील दोन श्लोकांचा प्रश्न ज्ञानदेवांनी अनेक ओव्यांत विस्तारला आहे. पथ्य सांगणाऱ्या वैद्यानेच पुढे विष दिले, तर रोग्याने जगावे कसे, असे अर्जुन विचारतो. आंधळ्याला आडवाटेला लावल्याचा दृष्टान्तही तो देतो. उपदेशातील विसंगतीवर त्याने नेमके बोट ठेवले आहे. आदरापोटी ती झाकलेली नाही. मात्र याच भाषणात पुढे स्वर पालटतो. औषध गुणकारी असावे, पण रुचकरही असावे, अशी तो विनवणी करतो. मुलाला आईजवळ जाण्यास वेळ-अवेळ नसते, असा हक्कही सांगतो. आक्षेपाची धार आणि नात्याची ओल येथे एकत्र नांदतात. सीमारेषा सापडते ती याच ठिकाणी. संशयी माणूस उत्तरापासून दूर सरतो. परिप्रश्न करणारा उत्तर मिळेपर्यंत जागा सोडत नाही आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागण्याची त्याची तयारी असते.

अकराव्या अध्यायात प्रश्नाचे आणखी एक अंग प्रकट होते. विश्वरूप पाहण्याची इच्छा बोलून दाखविण्यापूर्वी अर्जुन संकोचतो. सनकादिकांनाही जे लाभले नाही, ते मागण्याचा आपला अधिकार काय, असे त्याला वाटते. तरीही तो विचारतो. त्यावर, तू एक दाखवायला सांगितलेस, पण एकच दाखविले तर काय दाखविले, अशा आशयाचे उत्तर ज्ञानदेव श्रीकृष्णाच्या मुखी घालतात. उत्तर प्रश्नाची मर्यादा ओलांडते. पण प्रश्नावाचून ते प्रकटत नाही. शिवाय, दिव्यदृष्टी मिळेपर्यंत समोरचे रूपही अर्जुनाला दिसत नाही. विचारणाऱ्याला स्वतः बदलावे लागते, हा त्यातील अभिप्राय होय.

ज्ञानेश्वरीच्या अध्यापनात दृष्टान्तांच्या सौंदर्याचे विवेचन सहजच होते. ते दृष्टान्त कोणत्या प्रश्नाच्या पोटी जन्मले, याचाही शोध घेतला, तर श्रद्धा आणि जिज्ञासा परस्परविरोधी आहेत हा समज टिकत नाही. अर्जुनाची श्रद्धाच त्याला विचारण्याचे धैर्य देते आणि प्रत्येक प्रश्नानंतर ती अधिक डोळस होत जाते.