लोकजीवनाचा अभ्यास : प्रश्नावलीच्या पलीकडे

माणसांचे मनोव्यवहार केवळ आकड्यांतून उलगडत नाहीत. अभ्यासकाला लोकांत मिसळावे लागते. या पद्धतीस सहभागी निरीक्षण म्हणतात. डॉ. इरावती कर्वे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी गेल्या. सातारा जिल्ह्यातील लोणंद, फलटण हे याच वाटेवरील मुक्काम. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा स्त्रियांचा स्वयंपाक व पंगत वेगळी असल्याचे त्यांनी पाहिले, व त्याची खंतही नोंदविली. छापील तक्त्यात असा रकाना क्वचितच असतो! मराठा स्त्रियांबरोबर त्या जेवल्या, तेव्हा त्या स्त्रिया मोकळेपणाने बोलू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असे काहींनी सांगितले. तेव्हा एका तरुण मुलीने विचारले, की तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल काय? अभ्यासकालाच विचारलेला हा प्रश्न इरावतीबाईंनी आपल्या लेखातून वगळला नाही. १९६२ साली तो लेख इंग्रजीतही प्रसिद्ध झाला. ग्रामसेवकाने वा शिक्षकाने पाहणी करताना असे प्रतिप्रश्न त्याच दिवशी, बोलणाऱ्याच्याच शब्दांत टिपून ठेवावेत. संशोधनासाठी महाराष्ट्रात आलेल्या अमेरिकन अभ्यासक डॉ. गेल ऑम्वेट यांनी तर सांगली जिल्ह्यातील कासेगाव हेच आपले गाव मानले. २०२१ साली त्यांचे निधनही तेथेच झाले.