ऑपरेशन झाले तरी खांदा पुन्हा का निखळतो?

ऑपरेशन होऊनही खांदा पुन्हा निखळला की वस्तीत लगेच निकाल लागतो, डॉक्टर चुकला. कधी तसे असेलही. पण पुष्कळदा कारण टाक्यात नसते, हाडात असते.

खांद्याची वाटी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात टिकतो तो वाटीभोवतीच्या मऊ कडेमुळे आणि सांध्याच्या बंधांमुळे. कबड्डीत किंवा कुस्तीत हात मागे पिरगळला की ही कड सुटते. ती पुन्हा हाडाला शिवायची, हे बँकार्ट ऑपरेशन. लंडनच्या डॉ. बँकार्ट यांनी ही इजा 1923 साली मांडली. आता हे काम दुर्बिणीतून होते.

मात्र खांदा वारंवार निखळत राहिला तर वाटीचा पुढचा काठ झिजत जातो आणि गोळ्याला मागून खोक पडते. काठच उरला नाही तर नुसती कड शिवून काय उपयोग? बर्कहार्ट आणि डी बीअर या डॉक्टरांनी 2000 साली दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या 194 रुग्णांचा हिशेब मांडला. हाडाची मोठी झीज नसलेल्यांत 4 टक्के लोकांचा त्रास परतला, झीज असलेल्यांत 67 टक्के! अशा रुग्णाला हाडाचा तुकडा स्क्रूने वाटीच्या काठाला बसवणारे लाटार्जे ऑपरेशन लागू शकते. म्हणून ऑपरेशनआधी विचारा, "डॉक्टरसाहेब, हाड किती झिजलंय?" एमआरआयमध्ये कड चांगली दिसते, झीज मोजायला सीटी स्कॅन बरा.

फिट येत असेल तर लपवू नका. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरोघरी हे दडवले जाते. पण एका झटक्यात ताजे टाके उसवतात. आधी फिटची गोळी नियमित हवी.

तिसरे कारण पोटाचे. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर दीड महिन्यात झोळी काढतो आणि दुखत नाही म्हणून कामावर जातो. जड ओझ्याला साधारण चार ते सहा महिने लागतात, मधे फिजिओथेरपी हवी. या काळात घर कसे चालेल, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच घरात बसून ठरवा.

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपले ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना जुने एक्स-रे आणि खांदा आजवर किती वेळा निखळला याची नोंद सोबत न्या.