प्लेअर सगळ्यात शेवटी घे

भाच्या, बोनस हातात पडायच्या आत तू गाणी ऐकायचा प्लेअर कोणता घेऊ म्हणून विचारतोयस. विचारलंस ते बरं केलंस, पण क्रम उलटा धरलायस. आवाज ऊबदार आणि मोकळा हवा असेल तर आधी हेडफोन, मग गाण्यांच्या चांगल्या प्रती आणि उरलेल्या पैशांत प्लेअर. दुकानदार सुरुवातच प्लेअरपासून करील, कारण त्यात किमतीला वरची मर्यादा नाही. सोनीने २०२३ मध्ये भारतात आणलेला एक वॉकमन सत्तर हजारांच्या घरात होता. हो, वॉकमनच, १९७९ मध्ये कॅसेटवर चालायचा त्याचंच नाव.

सगळ्यात आधी कान. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून शिफ्ट करून आलास की त्या संध्याकाळी काही ऐकून ठरवू नकोस. आठ तास लोखंडाच्या खणखणाटात काढले की कान तात्पुरते बधिर होतात, आणि पहिला फटका बसतो तो वरच्या पट्टीतल्या ऐकण्याला. अशा कानांना चांगला हेडफोन मिळमिळीत लागतो आणि टोचणारा हेडफोन 'क्लिअर' वाटतो. दोन दिवसांनी तोच टोचणारा नको होतो. सुटीच्या दिवशी, सकाळी, चहा झाल्यावर ऐक. आणि मिलमध्ये इअरप्लग घालत जा. कान गेले तर कुठलीच कंपनी ते दुरुस्त करून देत नाही.

दुसरं, खरा आवाज कसा असतो ते कानांत ठेवून दुकानात जा. दत्तजयंतीला अंबडला संगीत महोत्सव असतो. कार्यक्रमाच्या आधी पुढे जाऊन बस आणि तानपुरे जुळवताना ऐक. जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीची घडण, नीट लागली की एका तारेच्या आवाजातून वरचे सूर उमलत राहतात, थांबतच नाहीत. मग भीमसेन जोशींचा एखादा विलंबित ख्याल हेडफोनवर लाव आणि गाण्याकडे लक्षच देऊ नकोस. मागचा तानपुरा अखंड पसरलेला ऐकू येतो, की नुसती गुणगुण? तबलजी डग्ग्यावर मनगट घासून घिस्सा काढतो तेव्हा सूर खालून वर चढताना कळतो, की फक्त धप्प होतं? अभंग लाव. टाळाची किणकिण शेवटपर्यंत विरत जाते, की स्स्स करून कापली जाते? या तिन्हींत पास झाला तो हेडफोन घ्यावा. माहितीपत्रकातले आकडे नंतर वाच.

ऊब येते ती साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यातून; पुरुषाच्या आवाजातला छातीचा भाग, पखवाजाची गाज तिथेच असते. ती थोडी उचललेली असली की गोड वाटतं. जास्त उचलली की गवई रांजणात तोंड घालून गातोय असं वाटायला लागतं आणि शब्द कळेनासे होतात. म्हणून परीक्षा शब्दांवर घे: ऊब आहे आणि तरी 'ळ' आणि 'ल' वेगळे कळतायत ना? बास वाढवायचं बटण दाबून आलेली ऊब ही ऊब नव्हे, ती वाजंत्री आहे.

मोकळेपणाचं गणित वेगळं. कानावरच्या वाट्यांची पाठ जाळीची, उघडी असेल तर आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. पण तो घरातल्या खोलीसाठी. जालना-अंबड एसटीत तो बिनकामाचा. इंजिन आत येतं आणि तुझं गाणं शेजारच्याला ऐकू जातं. प्रवासाला कानात घट्ट बसणारेच घे, आणि सोबत आलेले रबराचे तिन्ही आकार लावून बघ. आकार चुकला की बास गळतो, मग लोक उगाच प्लेअरला दोष देतात.

आणि जुन्या मुद्रणांकडून पसारा मागू नकोस. ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गाण्यांचं गीतरामायण गेलं, तेही मोनोच ऐकलं लोकांनी, आणि डोळे पुसत ऐकलं. मोनो गाणं डोक्याच्या मधोमधच ऐकू येणार. 'थ्रीडी' बटण दाबलंस तर फक्त बिघडेल. तसंच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीची 'फ्लॅक', म्हणजे काही न गाळणारी फाइल, करून काही परत येत नाही. गेलं ते गेलं.

आता प्लेअर. ब्लूटूथवरच ऐकणार असशील तर तो घेऊच नकोस. तेव्हा आकड्यांचा आवाज करणारी चिप हेडफोनमधली चालते, प्लेअरमधली महागडी चिप खिशात झोपलेली असते. वायरचा हेडफोन असेल तरच बघ. गाणं थांबवून आवाज वाढव, कानात सूं ऐकू आलं तर खाली ठेव. दोन प्लेअर तोलताना दोन्हींचा आवाज सारखा कर. जरासा मोठा असलेला नेहमीच चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. देवनागरीत नावं असलेली गाणी टाकून बघ. स्वस्तातल्या कितीतरी प्लेअरवर नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, मग अभंग शोधायला बसशील रात्रभर. मेमरी कार्डावर ५१२ जीबी छापलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस. पूर्ण भर, परत उतरवून घे, फायली उघडतात का पाहा. खोटी कार्डं बाजारात ढिगाने आहेत.

आपल्याकडे ऐकून घ्यायची सोय फारशी नाही. मोठी रक्कम घालायचीच असेल तर एक दिवस काढ आणि मुंबईत ऐकून ये. ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारत आहे, सकाळी निघून दुपारी पोचतोस. ते जमणार नसेल तर परत घेतील अशाच ठिकाणाहून मागव आणि ती अट आधी वाच.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, असं सांगितलंय. तू दिवसभर मिलमध्ये असतोस, तेव्हा तुझा बराचसा वाटा तिथेच संपलेला असतो. त्याहून कमीच ठेव.

दहा हजार असतील तर सहा-सात हेडफोनला घाल. हजार-दोन हजारांचा, फोनला लावायचा छोटा डॅक, म्हणजे तीच आकड्यांचा आवाज करणारी चिप, घे आणि महिनाभर त्यावरच ऐक. मधेच येणाऱ्या फोनने वैताग आला, किंवा गाणी फोनमध्ये मावेनात, तर प्लेअर घे. तसं काही झालं नाही, तर ते पैसे बँकेतच राहू दे.